अनुसाचा पाटा

त्या दिवशी सकाळी मी लसूण सोलला. आमच्या घरात ते काम माझं. कापसाच्या जिनातली नोकरी संपली तेव्हापासून अनुसा पाट्यापाशी बसायची आणि मी तिच्यासमोर पोत्याचा तुकडा टाकून लसूण सोलत बसायचो. सालांसोबत मी अर्धा लसूण फेकतो असं ती रोज म्हणायची. त्या दिवशीही म्हणाली. वाळल्या मिरच्या, मीठ आणि मूठभर जवस भाजून घेतलेलं. वरवंटा चालता चालता दोनदा घसरला तशी ती थांबली, चटणी एका बाजूला सारली आणि पाट्यावरून तळहात फिरवला. म्हणाली, "अवो, हा पाटा आरशावानी झाला. मिरची पळून राहिली नुसती. टाकीवाली तिकडच्या गल्लीत आली म्हनतात. तिले हाक मारजा."

"मारतो."

"मारतो मारतो म्हनता अन् बसून राहता. आत्ता जा."

म्हणून लसणाचे हात घेऊनच गेलो. टाकीवाली म्हणजे छिन्नी-हातोडी घेऊन गल्लोगल्ली फिरणारी बाई. पाटा घासून गुळगुळीत झाला की ती त्याला ठोकून ठोकून बारीक खड्डे पाडून देते, मग पुन्हा चटणी नीट वाटल्या जाते. ती म्हणाली, आज हात भरून आले, उद्या सकाळी येते. घरी येऊन सांगितलं. आम्ही जेवलो. भाकर, ती चटणी आणि वरून तेल. अनुसानं ताटं घासली, "थोडी पडते" म्हणाली आणि आडवी झाली. मी बाहेर ओट्यावर होतो. मिरच्या उन्हात टाकायच्या होत्या, ते विचारायला आत गेलो... डॉक्टर आले, त्यांनी छातीला कान लावला आणि मान हलवली. झालं एवढंच. आजार नाही, दवाखाना नाही, दोन शब्द बोलून घेणं नाही. दुपारी माणूस होतं आणि तिसऱ्या प्रहरी नव्हतं.

याला आता काही आठवडे झाले. पेपरच्या पुरवणीत कोणावर लिहायचं तर माणूस काही तरी मोठा पाहिजे. अनुसाला तिच्या गल्लीबाहेर कोणी ओळखत नव्हतं. पण एक चित्र आहे, ते तिनं केलेलं आहे, आणि त्याच्याखाली तिचं नाव नाही. ते नाव तिथं यावं म्हणून मी लय वर्षं मनात कुढत होतो. ती हकिगत सांगतो.

मी अमरावतीला कापसाच्या जिनात मार्कावाला होतो. रुईची गाठ बांधून आली की तिच्या बारदानावर पत्र्याचा साचा ठेवायचा, काळ्या शाईचा बोळा मारायचा, साचा उचलायचा. मालकाचा मार्का आणि गाठीचा नंबर. चौथीपर्यंतची माझी शाळा तेवढ्यालाच कामी आली. शाई मीच करायचो, काजळी आणि अळशीचं तेल घोटून. एक दिवस जिनाच्या आवारात एक हडकुळा माणूस कागद घेऊन गाठी काढत बसलेला दिसला. तेच चिंतामण मास्तर. हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. माझा बोळा चालताना त्यांनी पाहिला आणि साहेबाशी बोलावं तसं माझ्याशी बोलले, "ही शाई मला देता का हो थोडी?" दिली. मग ते शाईसाठी घरी यायला लागले. मग बसायला लागले. आणि एक दिवस म्हणाले, मला मासिक काढायचं आहे.

मी विचारलं, कोणत्या छापखान्यात? ते म्हणाले, छापखाना नाही, हातानं. मी म्हटलं, बरं, वाचायला काय राहील त्याच्यात? तर म्हणाले, "वाचायला काहीच नाही. फक्त पाहायचं. नव्या चित्रकारांची चित्रं, लाकडात कोरून छापलेली."

अनुसा चुलीपाशी होती. तिथूनच बोलली, "मंग ते माह्या कामाचं हाय. मले वाचता येत नाई."

मास्तर हसले नाहीत. उठून चुलीच्या खोलीच्या दाराशी गेले आणि तिला सगळं समजावून सांगत बसले. रंगवलेलं चित्र एकच राहते, ते एकाच्याच घरी जाते, आणि ज्याच्या घरी जाते तो पैसेवाला. पण फळीवर चित्र कोरलं, शाई लावली, कागद ठेवून उमटवलं, तर तेच चित्र आपल्यासारख्या पाच-पंचवीस घरांत जाऊ शकते. आणि त्यातला एकही कागद नक्कल नाही. दर कागद अस्सल. एवढं सांगून झाल्यावर अनुसानं तव्यावरची भाकर उलटली आणि म्हणाली, "समजलं. पीठ एक, पन दर भाकर खरी." मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून ते मासिक आमच्या घरी आलं असं मी समजतो. त्याचं नाव 'ठसा'. पहिल्या अंकाच्या वेळी छप्पन साल उलटून थोडेच दिवस झाले होते. आम्ही दीक्षा घेतली होती, देवळीतले देव गेले होते आणि भिंतीतली ती देवळी रिकामी होती. अनुसानं तिथं शाईचे डबे ठेवले. म्हणाली, "जागा हाय तर कामाची चीज ठेवू."

यंत्र नव्हतं. लाटण्यावर सायकलची ट्यूब चढवून मास्तरांनी शाई लावायचा रूळ केला होता. फळीला शाई लावायची, वर ओलसर कागद अंथरायचा आणि पाठीमागून घासायचं, म्हणजे चित्र कागदावर येते. मास्तर चमच्यानं घासायचे. कुठं कागद फाटे, कुठं डाग पडे, आणि ते घाम पुसत फाटलेल्या कागदाकडे पाहत बसत. दोन-तीन कागद वाया गेल्यावर अनुसा उठली आणि आतून काश्याची वाटी घेऊन आली. आमच्याकडे उन्हाळ्यात पाय भाजायला लागले की तळपायाला तेल लावून ती वाटी पालथी घासतात, उष्णता उतरते म्हणतात. मी दिवसभर जिनाच्या तापल्या आवारात उभा राहून यायचो. त्या वाटीनं तिनं माझे पाय किती उन्हाळे घासले असतील... ती मास्तरांना म्हणाली, "सरका. तुमी खरडून राहिले. घासाचं असते." आणि पालथी वाटी गोल गोल फिरवत अशी गेली की कागद हललाही नाही. उचलला तर काळं कसं, रेशमासारखं. मास्तर कोरणार, ती घासणार, आणि मी बारदानाचं वेष्टण करून त्याच्यावर पत्र्याच्या साच्यानं 'ठसा' असा मार्का मारणार, असं मग ठरूनच गेलं. आत सुटे कागद, वरून सुतळीची गाठ. अंक कसला, लहानशी रुईची गाठच दिसायची.

ओले कागद वाळवायला जागा नव्हती, तर तिनं शेवयांच्या काठ्या काढल्या. अंगणात काठ्यांवर चित्रं लटकली की गल्लीतल्या बाया विचारत, "काहून वं अनुसे, औंदा काळ्या शेवया केल्या का?" ती म्हणे, "हो, दुधात टाकून पाह्यतं का?" चित्रंही तशीच. मास्तर आणि त्यांचे दोस्त, कोणी अकोल्याचे कोणी नागपूरचे, नव्या तऱ्हेचं काढायचे. बैल म्हणजे नुसते कोन. सूर्य काळा. एका चित्रात बाई होती, तिला एकच डोळा. अनुसानं तो कागद काठीवर टाकता टाकता विचारलं, "मास्तर, हिचा दुसरा डोळा कोठी हाय?" मास्तर म्हणाले, "पलीकडच्या बाजूला आहे, अनुसाबाई. आपल्याला दिसत नाही." तिनं कागद थोडा उचलून पाठीमागं पाहिलं आणि म्हणाली, "हाय तर झालं." मला ती चित्रं समजायची नाहीत, अजूनही समजत नाहीत. तिला समजायची का, हे मी कधी विचारलं नाही. पण घासताना ती त्या चित्रांशी बोलायची एवढं खरं.

त्या कामाच्या दोन रीती होत्या, त्या सांगायला पाहिजेत. एक म्हणजे ज्यानं चित्र केलं त्यानं प्रत्येक कागदाखाली पेन्सिलीनं सही करायची. सही नाही तर ते अस्सल नाही. दुसरी म्हणजे ठरवलेले कागद निघाले की फळीवर छिन्नीनं आरपार फुली मारायची, म्हणजे पुन्हा कोणी त्याच्यावरून छापू शकणार नाही. पहिल्यांदा मास्तरांनी त्या कोनाच्या बैलावर फुली मारली तेव्हा अनुसा ओरडलीच, "अवो माय! चांगला बैल मारला ना मास्तर!" त्यांनी कारण सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण त्यानंतर फुली मारायची वेळ आली की ती पाणी भरायला निघून जायची.

दोन अंक निघाले, लोकांना आवडले. तिसऱ्याच्या वेळी कागद नरम होता, घासताना मुरडायचा. अनुसानं मनाशीच ठरवलं आणि लुगड्याला देतात तशी पातळ खळ करून सगळ्या कागदांना दिली, वाळवले, मग ओलसर करून छापले. काय उमटले ते कागद! मास्तर एक एक धरून उन्हात पाहायचे आणि "वा, वा" करायचे. तिनं सांगितलं नाही खळीचं, आणि त्यांनीही विचारलं नाही. तिला वाटलं, यात सांगायचं काय? लुगडं ताठ व्हायला खळ, तर कागद ताठ व्हायला खळ. अंक गावोगाव गेले... आणि तो पावसाळा सरता सरता परत यायला लागले. खळ म्हणजे पीठच, त्याला कसर लागली. किड्यांनी चित्रं जाळीसारखी करून टाकली. एकीकडून धरलं तर पलीकडची भिंत दिसे. मास्तर तो गठ्ठा घेऊन आले आणि जमिनीवर ठेवला. अनुसानं वरचा कागद उचलला, नाकाशी नेला. तिला लगेच समजलं.

"म्या केलं हे," ती म्हणाली. "म्या त्याइले जेवन वाढलं."

मास्तरांना राग आला होता. मी खोटं कशाला सांगू? ते पाणीही न घेता गेले, आणि नंतर लय दिवस आले नाहीत. त्यांच्या दोस्तांनी तर साफ सांगितलं की आमची मेहनत किड्यांना घालायला नाही दिली, पुढच्या अंकाला फळ्या देणार नाही. त्यातच मास्तरांची बदली अकोल्याला झाली. अनुसा ती काश्याची वाटी घासायची, पुसायची, मांडणीवर ठेवून द्यायची. उन्हाळा आला तरी माझ्या पायाला लावली नाही तिनं.

मग एका रविवारी सकाळच्या गाडीनं मास्तर आले. वाळले होते. थैलीतून त्यांनी कागद काढले, फक्त त्यांची स्वतःचीच चित्रं होती. म्हणाले, "अकोल्याच्या वाचनालयात अंक लोकांना दाखवायचं मी कबूल करून बसलोय. माझ्या एकट्याची चित्रं म्हणजे 'ठसा' नाही. दुसऱ्या कोणाचं एक तरी चित्र पाहिजे. नाही मिळालं तर आज बंद केला, हे सांगायला आलो." मी चहा ठेव म्हटलं. अनुसा चहा ठेवायला उठली नाही. त्या वर्षी आम्ही नवा पाटा घेतला होता आणि त्याच सकाळी टाकीवाली तो टाकून, म्हणजे त्याला टाकीचे खड्डे पाडून, गेली होती. दगडाची भुकटी अजून अंगणात सांडली होती. अनुसा त्या पाट्याकडे पाहत होती. मग उठली, देवळीतून शाईचा डबा काढला, रूळ काढला, आणि मास्तरांच्या देखत नव्या पाट्यावर शाई फिरवली.

मी ओरडलो, "अवं येडी झाली का? खायाच्या पाट्यावर?"

"तुमी कागद धरा," ती म्हणाली. "तिकडचे दोन कोपरे. मास्तर, खळ नाई लावली हं याले."

कागद टेकवला. वाटी घेतली. घासता घासता तिच्या कपाळावरचा घाम ओठापर्यंत आला तरी तिनं पुसला नाही. मग कागद उचलला... सगळं काळं, आणि त्या काळ्यात टाकीचा जिथं जिथं ठोका बसला होता तिथं पांढरा ठिपका. कुठं दाट, कुठं पातळ, एका कडेला हात थकला असेल तिथं विरळ. मी गाठींवर जिंदगीभर काळं मारलं, पण असं काळं पाहिलं नव्हतं. मास्तर उकिडवे बसले होते ते खालीच बसले. मग म्हणाले, "अनुसाबाई, झाला अंक."

लागले तेवढे कागद काढले. मास्तर रीतीचे पक्के. म्हणाले, आता यावर फुली मारावी लागेल. तेव्हा ती जे बोलली ते मास्तर पुढं किती जणांना सांगत. ती म्हणाली, "कायले मारता? रोजची चटणी हाय. आपसूक खोडल्या जाईन." मास्तरांनी छिन्नी थैलीत टाकली. मग त्यांनी पेन्सिल पुढं केली, सही करा. तिला सही येत नव्हती. म्हणाले, अंगठा लावा, तोही चालेल, उलट लय चांगला दिसेल. तिचा चेहरा बदलला. तिच्या बापानं एकदा अंगठा लावला होता, त्यानंतर त्यांचं वावर त्यांचं राहिलं नव्हतं. म्हणाली, "अंगठा नाई देणार. अंगठा देल्ला का चीज दुसऱ्याची होते." म्हणून त्या सगळ्या कागदांखालची जागा कोरीच राहिली. पाट्यावरची शाई काढायला तिनं राख, रॉकेल, खडं मीठ सगळं वापरलं, तरी आठवडाभर चटणीला रॉकेलचा वास होता. मी बोललो तर म्हणे, "खा. मॉडन चटणी हाय."

अकोल्याला आम्ही दोघं गेलो होतो. बडनेऱ्यावरून गाडी. तिनं जपून ठेवलेलं हिरवं लुगडं नेसलं होतं, आणि वाचनालयाच्या दाराशी चपला काढून आत गेली, बाकी सगळे चपला घालून होते तरी. भिंतीला सुतळी बांधून कागद टांगले होते. पाट्याच्या चित्रापाशी सगळ्यात जास्त लोक. कोणी म्हणे हे रात्रीचं आभाळ, कोणी म्हणे काळ्या जमिनीवर सांडलेली सरकी. एक कोटवाले गृहस्थ बराच वेळ उभे राहिले. चांगले होते बिचारे, डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. त्यांनी मास्तरांचा हात धरला आणि म्हणाले, फार मोठं काम केलं तुम्ही. मास्तर म्हणाले, "माझं नाही, ह्या अनुसाबाईंचं आहे." आणि तिच्याकडे बोट केलं. त्या गृहस्थांनी हिरव्या लुगड्यातल्या बाईकडे पाहिलं, तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, आणि हसले. "मास्तर, थट्टा बरी करता!" म्हणाले, आणि पुढच्या चित्राकडे गेले. मास्तर मागं मागं जाऊन सांगत होते, पण ते हसतच होते.

माझ्या अंगात आग पेटली. मी एक पाऊल टाकलं तर तिनं मागून माझा सदरा धरला.

"नोका."

"काहून नोको? तुहं काम, अन् मास्तरले शाबासकी?"

"मी पाट्याचं सांगतलं तर त्याइचे तारे पडतीन. पाहू द्या."

परत येताना गाडीत ती खिडकीशी होती. मूर्तिजापूर गेलं असेल, तेव्हा मला म्हणाली, "एक सांगू का? आता मलेबी तारेच दिसून राहिले." आणि पदर तोंडाला लावून हसली. मला हसू आलं नाही. सही असती तर तो माणूस हसला नसता, हेच माझ्या डोक्यात बसलं. ते बसलं ते बसलंच.

'ठसा' त्यानंतर निघाला नाही. मास्तर आणखी दूर बदलून गेले. आमच्या वाट्याचा कागद अनुसानं देवळीच्या वर भिंतीला लावला. आणि पाटा रोजच्या कामाला लागला. दिवाळीपर्यंत ते तारे अर्धे झाले, पुढच्या टाकीला नवेच पडले. ती बोलली होती तसंच, चटणीनं चित्र खोडून टाकलं. जिन सुटल्यावर मी घरी बसलो. वस्तीत मोठ्या बायांचा वर्ग निघाला, त्यात ती जायला लागली. पाटी घेऊन ओट्यावर बसायची आणि नाव गिरवायची. अ सोपा जायचा नाही तिला, त्याची शेपटी फार लांब ओढायची. पण नाव आलं. ज्या दिवशी चुकल्याशिवाय लिहिलं त्या दिवशी मी चित्र भिंतीवरून काढलं, तिच्यासमोर ठेवलं आणि पेन्सिल दिली. "घे. आता लिही. कोनाच्या बापाची हिंमत नाई मंग हसाची."

तिनं पेन्सिल घेतली. चित्राकडे पाहत राहिली. मला वाटलं, जागा शोधून राहिली. पण तिनं पेन्सिल परत दिली.

"अवो, आता मले नाव येते. तवा येत नवतं. हे तवाच्या बाईचं हाय. तिचं कायले नाव लावू मी?"

"अवं, ती अन् तू येकच ना?"

"येक कशा? तिनं कागदाले खळ लावली होती." आणि हसायला लागली. "लावा भितीले. असंच चांगलं हाय."

मी रागावलो, दोन दिवस बोललो नाही. पुन्हा विषय काढला नाही, पण पेन्सिल देवळीतच ठेवली. वाटायचं, आज नाही उद्या, कधी तरी लिहील.

आता परवा मास्तर येऊन गेले. केस पांढरे झाले. तिच्या जाण्याचं त्यांना उशिरा समजलं. बराच वेळ पाट्यापाशी बसले. जाताना म्हणाले, "मुंबईत काही लोक 'ठसा'चे अंक गोळा करताहेत, प्रदर्शन होणार आहे. त्या चित्राखाली नाव लिहायला पाहिजे. तुम्ही हो म्हणा, मी अनुसाबाईंचं नाव माझ्या हातानं लिहितो. या वेळी कोणी हसणार नाही."

मी म्हटलं, "नोका लिहू."

मास्तर दारातून मागं फिरले. म्हणाले, "अहो, तुम्हालाच तर हवं होतं इतकी वर्षं!"

हवं होतं. अकोल्याच्या त्या दिवसापासून हवं होतं. आता त्या कागदाखाली नको, आणि ते काहून, हे समजायला ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगावी लागते.

आमची लेक शांता अकोटला दिली. जावई तिथल्या जिनात, तिथं फोन केला, ती दिवस मावळता पोचली, आणि मग आम्ही अनुसाला नेलं. सकाळी घरात शांता आणि मी. शेजारच्या बायांनी भाकरी झाकून ठेवल्या होत्या. मी ओट्यावर बसलो होतो तर गल्लीच्या तोंडाशी आवाज आला, "टाकीऽऽ, पाट्याले टाकीऽऽ, जात्याले टाकी!" आणि ती बाई थेट आमच्या दाराशी येऊन बसली. तिला काय माहीत? मी आदल्या दिवशी सांगून आलो होतो, ती आली. शांता धावत बाहेर आली, म्हणाली, "आज नाई वं बाई, जा. माय गेली माही काल." टाकीवालीनं हातोडी खाली ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि उठायला लागली.

मी म्हटलं, "थांब. तिनं सांगतलं होतं, टाकून घ्या म्हनून."

"बाबा, लोकं काय म्हनतीन? आज कोनी पाटा टाकते का?"

"लोकाइले चटणी वाटाची नाई. थांब म्हटलं ना."

पाटा उचलून अंगणात आणला. अजून त्याला लसणाचा वास होता, कडेला मिरचीचं एक बी चिकटलं होतं. टाकीवालीनं सवयीनं मधोमध हात फिरवला. म्हणाली, "बाईचा हात जबर होता. दगडाले पोट पाडलं." मीही हात लावला. खरंच, मधोमध पार खोल गेला होता. नवा घेतला तेव्हा सपाट होता तो. ते पोट कोणी पाडलं? तिनंच, रोज, माझ्यासमोर बसून. आणि आता त्याच्यावर ठोके मारायला टाकीवाली छिन्नी घेऊन बसली होती.

मी आत गेलो. देवळीतला डबा काढला, शाई वाळून दगड झाली होती. मग कंदिलाच्या काचेची काजळी खरवडली, अळशीचं तेल टाकून तळहातावर घोटली, ते माझंच काम. रूळ कधीचा गेला, तर लाटण्याला फडकं गुंडाळलं. शांता दारात उभी राहून रडत होती, "बाबा, असं काय करून राहिले तुमी?" मी पाट्यावर लाटणं फिरवलं. कागद नव्हता, तर भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि कोरी बाजू खाली केली. मग म्हटलं, "शांते, तिकडचे दोन कोपरे धर." ती आली, डोळे पुसले आणि धरले. मी काश्याची वाटी घेतली. मी कधी घासलं नव्हतं. तिचा हात आठवत आठवत घासलं. खरडायचं नाही... घासायचं.

कागद उचलला. चारी कडांना काळं, त्यात जिथं वरवंटा पोचत नव्हता तिथं जुन्या टाकीचे थोडे ठिपके. आणि मधोमध, जिथं लाटणं दगडाला टेकलंच नाही, तिथं पांढरं. मोठं, लांबट, स्वच्छ पांढरं. शांतानं ते पाहिलं आणि तिच्या तोंडून नुसतं "माय" निघालं.

मग मी पेन्सिल घेतली. तवाच्या बाईला नाव येत नव्हतं, म्हणून तिच्या चित्राखाली नाही. हे मात्र कालच्या बाईचं होतं. तिला येत होतं. कागदाखाली मी तिचं नाव लिहिलं, अनुसया, ती लिहायची तसं, अची शेपटी लांब ओढून. कागद शेवयाच्या काठीवर टाकला. राखेनं पाटा घासून धुतला आणि टाकीवालीपुढं ठेवला.

"मार आता."

तिनं पहिला ठोका मारला. शांता भाकरीवरचं फडकं काढत होती. मी पोत्याचा तुकडा टाकला, पाट्यासमोर बसलो आणि लसूण सोलायला घेतला.